मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालं? गाडी खोलण्याआधी हिशेब समजून घ्या

पॅकिंग दीडशे-दोनशे रुपयांचं आणि बिल दोन हजारांचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं काम करून आलेला व्हॅनवाला हीच तक्रार करतो. बिल नेहमीच फुगवलेलं असतं असं नाही. इंजिन सीटखाली असलेल्या गाडीत मोल असतं ते त्या अडचणीच्या जागेत हात घालण्याचं, गंजलेला नट त्याचा स्टड न तोडता सोडवण्याचं आणि तो तुटलाच तर त्यानंतरच्या कामाचं. म्हणून भाव पॅकिंगचा ठरवू नका. ‘स्टड तुटला तर किती?’ हा प्रश्न गाडी खोलण्याआधी विचारा. पुढचा सगळा हिशेब या एका प्रश्नाभोवती फिरतो.

कोणत्या गाड्यांचं हे दुखणं?

वर्धा जिल्ह्यात शाळेची मुलं, भाजीपाला, दुधाचे कॅन, लग्नाचं सामान आणि कापसाची गाठोडी वाहणाऱ्या लहान गाड्यांमध्ये तीन-चार नावं पुन्हा पुन्हा दिसतात. मारुतीची ओम्नी १९८४ साली ‘व्हॅन’ या नावानं आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. जुन्या ओम्नी अजून चालताहेत. ईको २०१० मध्ये आली. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ पासून आहे आणि त्याच घराण्यातली मॅजिक प्रवासी वाहते. या सगळ्यांत इंजिन पुढच्या सीटखाली किंवा सीटच्या लगत बसवलेलं असतं. माल आणि माणसांना जागा जास्त मिळते ती त्यामुळे. मिस्त्रीला मात्र अर्धं काम सीट उचलून वरून करावं लागतं आणि अर्धं गाडीखाली झोपून.

बोलेरो, ट्रॅक्स क्रूझर यांची इंजिनं बॉनेटखाली असतात, तिथे हात बरा पोहोचतो. पण टर्बो असलेल्या गाडीत मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्यामधला जोड गळू लागला की शिट्टीसारखा आवाज येतो, काळा धूर वाढतो आणि चढणीवर गाडी ओढत नाही. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात भरलेली गाडी अचानक दुसऱ्या गिअरवर आली, तर क्लचप्लेट बदलायला सांगण्याआधी हा जोड तपासून घ्या.

गळती आहे याची खात्री आधी करा

पहिली खूण सकाळी मिळते. थंड इंजिन सुरू केल्यावर सीटखालून टिक-टिक किंवा फट-फट आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. लोखंड तापून फुगतं आणि फट थोडी बुजते, म्हणून आवाज दबतो. गळती गेलेली नसते. दुपारी गॅरेजला गेलात तर मिस्त्रीला काहीच ऐकू येणार नाही. गाडी रात्रीच तिथे ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना स्वतः हजर राहा.

दुसरी खूण काजळीची. मॅनिफोल्ड आणि हेड जिथे जुळतात तिथे काळा फराटा दिसतो. तिसरी वासाची. गाडी उभी आणि इंजिन चालू असताना आत धुराचा वास येतो, पंखा लावला की वाढतो. चौथी पंपावर कळते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की इंधन कमी पडतंय, मग इंजिनचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो आणि ॲव्हरेज उतरतो.

टॅपेट, सैल झालेला उष्णतारोधक पत्रा किंवा नीट न आवळलेला स्पार्क प्लग, यांचाही आवाज असाच वाटतो. खात्रीचा उपाय स्वस्त आहे. इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरनं हलकी हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडायचं. बुडबुडे येतील तिथे गळती. ही तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते. ती न करता कोणी थेट ‘मॅनिफोल्डच बदला’ म्हणाला तर दुसऱ्या गॅरेजचं मत घ्या.

‘चालतंय तोवर चालवू’ का नको?

बॉनेटखालचं इंजिन गळलं तर धूर बराचसा बाहेर उडतो. सीटखालच्या इंजिनाचा धूर इंजिनच्या झाकणाच्या रबरातून, गिअरच्या दांडीच्या भोकातून थेट माणसांत येतो. पेट्रोल आणि सीएनजीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डिझेलच्या धुरात तो कमी असतो, पण काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड भरपूर, त्यामुळे छोट्या हत्तीच्या चालकालाही सूट नाही.

डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ, झापड येणं ही लक्षणं. गाडीतून उतरल्यावर थोड्या वेळात बरं वाटत असेल, तर संशय पक्का समजा. मुलं भराभर श्वास घेतात, म्हणून त्यांना आधी जाणवतं. असं झालं तर माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तर तिथे न्या आणि ‘गाडीचा धूर लागला’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं आणि आकडा चांगला दिसतो.

पालकांनीही एक करावं. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते. मूल व्हॅनमधून उतरताना रोज डोकं दुखतं म्हणत असेल, तर तक्रार तिच्याकडे न्या. चालकभाऊंशी भांडण्यापेक्षा गाडी तपासून घेण्याची मागणी लवकर मान्य होते.

पॅकिंग उडतं कशामुळे?

मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. साधारण ३५ सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर जवळजवळ २ मिलिमीटर लांबतो. त्याच वेळी पाण्यानं गार राहणारं हेड जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतं. उरलेली ओढ स्टडवर येते, आणि ती सर्वांत जास्त दोन्ही टोकांच्या स्टडवर. म्हणून कडेचे स्टड आधी तुटतात. मधल्याला काही होत नाही आणि गाडी चालत राहते.

यात भर घालणाऱ्या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. सायलेन्सरचा रबरी हँगर तुटला की पूर्ण पाइपाचं वजन मॅनिफोल्डवर लटकतं. कापसाच्या हंगामात क्षमतेपेक्षा जास्त माल भरून हिंगणघाट, देवळी, पुलगावच्या जिनिंगच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवलं तर सीटखालची उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, तापलेल्या इंजिनावर वॉशिंग सेंटरचा थंड पाण्याचा फवारा मारला तर बीड तडकू शकतं.

कशाला किती? ढोबळ भाव

खालचे आकडे लहान गॅरेजच्या कामाचे, तुलना करण्यापुरते आहेत. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि मालाचा ब्रँड यांप्रमाणे ते वरखाली होतात. सुट्या भागाचा नेमका भाव पाकिटावरच्या एमआरपीवरूनच ठरवा.

- मॅनिफोल्डचं पॅकिंग : १०० ते ४०० रुपये
- सर्व नवे स्टड आणि नट मिळून : १०० ते ३०० रुपये
- उघडून, साफ करून, बसवण्याची मजुरी : ५०० ते १,२०० रुपये
- तुटलेला स्टड काढणं, आटे नीट करणं : प्रत्येकी ३०० ते ६०० रुपये
- लेथवर मॅनिफोल्डचं फेसिंग (जोडाचा पृष्ठभाग सपाट करणं) : ३०० ते ८०० रुपये
- बिडाचं वेल्डिंग : ४०० ते १,००० रुपये
- साधा नवा मॅनिफोल्ड (जुन्या मॉडेलचा) : १,५०० ते ४,००० रुपये
- सायलेन्सरचा हँगर : नगण्य खर्च, पण विसरू नका

चार प्रकारची बिलं

पहिलं, नशीब चांगलं असेल तर. नट सरळ सुटले, मॅनिफोल्ड सपाट आहे. पॅकिंग, नट-स्टड आणि मजुरी मिळून ७०० ते १,९०० रुपये. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी परत.

दुसरं, सर्वांत नेहमीचं. एक-दोन स्टड तुटले, मॅनिफोल्डला बाक आला आहे. दोन स्टड धरले तर वरच्या खर्चात ६०० ते १,२०० रुपये आणि फेसिंगचे ३०० ते ८०० वाढवा. एकूण १,६०० ते ३,९०० रुपये. लेथवाल्याकडे रांग असेल तर दुसरा दिवस धरा.

तिसरं, मॅनिफोल्डलाच तडा. जुन्या ओम्नीसारख्या गाडीत नवा साधा मॅनिफोल्ड घातला तर २,२०० ते ५,९०० रुपये. वेल्डिंगचं काम स्वस्त पडतं, पण बीड आधी तापवून, सावकाश गार करत वेल्ड करणारा कारागीर हवा. घाईत केलेलं वेल्डिंग टाक्याच्या शेजारीच पुन्हा तडकतं. वेल्डिंगनंतर फेसिंग करावंच लागतं. तो खर्च बोलीत आहे का ते विचारा.

चौथं, खिसा रिकामा करणारं. यात दोन शक्यता. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा मॅनिफोल्डला जोडूनच येतो. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात, म्हणून पूर्ण भाग बदलायचा झाला तर बिल पाच आकडी होतं. दुसरी शक्यता म्हणजे स्टड हेडच्या आत खोल तुटला आणि तिथे ड्रिल पोहोचतच नाही. मग हेड उतरवावं लागतं : हेडचं पॅकिंग, कूलंट, ऑइल, लेथ, दोन-तीन दिवस. यालाही ६,००० ते १५,००० रुपयांची तयारी ठेवा. या टप्प्यावर जुन्या गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च कागदावर शेजारी मांडून मगच होकार द्या.

या सगळ्यावर न दिसणारा एक खर्च असतो, बुडालेल्या भाड्याचा. वर्ध्यात पॅकिंग नाही मिळालं तर नागपूरहून येईपर्यंत दिवस जातो, आणि खोललेली गाडी गॅरेजातच अडकते. माल हातात आल्याशिवाय गाडी खोलू देऊ नका.

मजुरी जास्त का, आणि कुठे वाचते?

सीटखालच्या इंजिनात सीट, झाकण, हवेचा पाइप, उष्णतारोधक पत्रा, सेन्सरची वायर आणि खालचा बेंड पाइप काढल्यावर मग मॅनिफोल्ड दिसतो. त्यातही एक-दोन नट असे की सरळ गोटी पाना लागत नाही, आखूड रिंग पान्यानं पाव-पाव आटा फिरवावा लागतो. मिस्त्री पैसे मागतो ते या वेळाचे.

बचत होते ती आदल्या संध्याकाळी. गंज सोडवणारं तेल थंड नटांवर मारून रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पुन्हा मारा. तेलाच्या डब्याचा खर्च तुटलेल्या एका स्टडच्या खर्चापेक्षा कमी. नट एकदम जोर लावून न फिरवता थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल असा मागे-पुढे करत सोडवणारा मिस्त्री तुमचे हजार रुपये वाचवतो. घाई करू नका, त्यालाही करू देऊ नका.

इंजिन उघडलेलंच असताना स्पार्क प्लग, त्या बाजूचे कडक झालेले पाण्याचे पाइप, इंजिनच्या झाकणाचं रबर आणि इंजिनचे माउंट बघून घ्या. वेगळं खोललं तर पुन्हा तीच मजुरी पडेल. झाकणाचं रबर तर बदलाच. आतल्या माणसांना धुरापासून वाचवणारा तो शेवटचा अडसर आहे.

गाडी खोलण्याआधी विचारायचे प्रश्न

१. गळती नेमकी कुठे आहे? हेडच्या जोडावर, मॅनिफोल्डच्या तड्यात, की खाली बेंड पाइपच्या जोडावर? खालचाच जोड असेल तर काम निम्म्यात होतं.
२. स्टड तुटला तर प्रत्येकी किती घेणार? न निघाल्यास पुढे काय?
३. मॅनिफोल्ड सरळ आहे की नाही हे पट्टी आणि फीलर गेज लावून मला दाखवाल का?
४. स्टड-नट नवे घालणार ना? तापून ताणलेले जुने नट पुन्हा लावू नका.
५. फेसिंगचे पैसे मजुरीत धरले आहेत की वेगळे?
६. पुन्हा गळलं तर किती दिवसांत मोफत आवळून द्याल?

उत्तरं कागदावर लिहून घ्या, दोघांनी सही करा. ओळखीच्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. उलट बोललेलं लक्षात राहतं.

पैसे वाया घालवणारे उपाय

लाल सिलिकॉन किंवा इपॉक्सीची लांबी लावून फट बुजवू नका. भार ओढताना एक्झॉस्टचं तापमान ६००-८०० अंशांपर्यंत जातं. हे पदार्थ त्या तापमानाला टिकत नाहीत, आणि पुढच्या वेळी खरडून काढायची मजुरी वेगळी. दोन पॅकिंग एकावर एक घालणं हाही बाकदार मॅनिफोल्डवरचा उपाय नव्हे. नट ‘अजून थोडा’ आवळून आवाज बंद करायला गेलात तर उरलेला स्टडही जाईल.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप घालून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. ते नियमबाह्य आहे, पीयूसी अडते, आणि वैध पीयूसी नसल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बदललेला जुना कन्व्हर्टर मात्र परत मागा. त्यातल्या धातूंमुळे भंगारातही त्याला चांगला भाव येतो, आणि तो तुमचा आहे.

सीएनजी किट असेल तर गॅसच्या नळ्यांना हात लावायचं काम अधिकृत किटवाल्याकडूनच करून घ्या. ती मजुरी वेगळी धरा.

छोटं गॅरेज की कंपनीचं वर्कशॉप?

वॉरंटीतली गाडी कंपनीच्याच वर्कशॉपला न्या. बाहेर खोलली तर पुढचा दावा अडचणीत येतो. बीएस-६ गाडीत सेन्सरचे कोड वाचायला स्कॅनर हवा, तो नसलेल्या गॅरेजात अंदाजावर काम चालतं. जुन्या ओम्नी किंवा जुन्या छोट्या हत्तीसाठी मात्र त्या मॉडेलची सवय असलेला आणि चांगल्या लेथवाल्याशी संबंध असलेला मिस्त्री पुरेसा, बहुधा स्वस्तही. विम्यावर विसंबू नका. साध्या मोटार विम्यात झीज किंवा यांत्रिक बिघाड भरून मिळत नाही.

बिल आणि तक्रार

बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. पाकीटबंद भागावर एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून रिकामी पाकिटं मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी काही भागांवर तो २८ टक्के होता. एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यावर पुन्हा लावू देऊ नका. ज्या गॅरेजकडे जीएसटी नोंदणी नाही, त्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही.

काम फसलं आणि गॅरेज दाद देत नसेल तर आधी लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरी सुटलं नाही तर वर्ध्यातच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. मुदत दोन वर्षांची, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. गाडी धंद्याची आहे म्हणून मागे हटू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनं ग्राहकच असतो.

गाडी ताब्यात घेताना

जुनं पॅकिंग आणि तुटलेले स्टड हातात घेऊन बघा. पॅकिंग कुठे जळालंय ते पाहिलं की दुखणं तिथेच होतं का ते कळतं. सायलेन्सर हलवून बघा, नवा हँगर घातलाय ना? सेन्सरची वायर पाइपाला टेकत नाही ना? मग काचा लावून, पंखा चालू ठेवून पाच मिनिटं उभ्या गाडीत वास घ्या. वास आला तर तिथल्या तिथे परत द्या. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर. टिक-टिक नसेल तर काम झालं. काही दिवस चालवल्यावर, इंजिन गार असताना, नट एकदा तपासून घ्या. ते कामाच्या भावातच ठरवलेलं असावं.

वेळ निवडता येत असेल तर शाळेच्या व्हॅनसाठी उन्हाळी सुट्टी आणि मालाच्या गाडीसाठी कापूस येण्याआधीचा सप्टेंबर. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी लेथवाल्याकडे रांग कमी असते, मिस्त्रीला घाई नसते आणि भाडं बुडत नाही. पण वास आत येऊ लागला असेल, तर हंगाम पाहू नका. त्याच दिवशी मुलं दुसऱ्या गाडीत बसवा आणि आपली गाडी गॅरेजला लावा.